माझ्या नंबरावर दुसरीचा फोटो

माझं नर्सिंगचं शिक्षण शेजारच्या राज्यात झालं. कोणतं राज्य, कोणतं शहर, कोणतं कॉलेज हे मी लिहिणार नाही. त्यातलं काय खरं होतं हे मला आजही पूर्ण ठाऊक नाही, आणि अर्धवट माहितीवर कुणाचं नाव घेऊ नये.

आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून आत, कच्च्या रस्त्यावर. आई गावात आशा कार्यकर्ती. बाळंतपणाच्या बायांना दवाखान्यात नेणं, लेकरांना डोस पाजून आणणं, रजिस्टर भरणं हे तिचं काम. बारावी सायन्सनंतर जवळच्या सरकारी कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं नाही. तेव्हा आखाडा बाळापूरचा एक माणूस पोरींना बाहेरच्या राज्यात नर्सिंगला पाठवतो असं कळलं. आई मला घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने रंगीत माहितीपत्रक पुढे केलं, आईने ते उघडलंसुद्धा नाही.

"कॉलेजचा सोताचा दवाखाना हाय का?" तिने विचारलं.

"हाय न मावशी. शंभर खाटांचा."

"खाटा मोजल्या का तुमी?"

तो हसला. आई हसली नाही. पण वर्ष वाया जाईल या धास्तीने शेवटी तिने मला पाठवलं.

दवाखाना होता, खाटाही होत्या, फक्त रोगी कमी होते. तपासणी असली की जवळच्या वस्तीतली माणसं आणून खाटांवर झोपवत. मी मात्र तीन वर्षं रोज वर्गात बसले आणि जे काही रोगी यायचे त्यांच्याजवळ उभी राहिले. आमच्या हजेरीपटावर बरीच नावं अशी होती की त्या पोरी आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या. सर नाव पुकारायचे आणि स्वतःच खूण करून पुढे जायचे. त्यातलं एक नाव माझ्या नावाच्या अगदी खालचं होतं. ती सेनगाव तालुक्यातली, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली. ती दिसायची फक्त परीक्षेला. कडक इस्त्रीचा गणवेश, केस घट्ट बांधलेले, कुणाशी बोलणं नाही. पेपर झाला की बाहेर गाडी उभी असायची, तीत बसून जायची. आम्ही होस्टेलच्या पोरींनी ठरवून टाकलं होतं की हिने हजेरी विकत घेतली आहे.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत तासाभराने पर्यवेक्षक बाहेर गेले आणि कॉलेजचा एक माणूस फळ्यापाशी उभा राहून उत्तरं सांगू लागला. मी मान खाली घालून माझंच लिहीत राहिले. पण एका ठिकाणी मी लिहिलेलं आणि तो सांगत होता ते जुळेना. थोडा वेळ थांबले आणि माझं खोडून त्याचं लिहिलं. होस्टेलवर येऊन पुस्तक उघडलं तर माझंच बरोबर होतं. पास झाले, पण त्या खोडलेल्या ओळीमुळे ते पास होणं मला कधी निखळ वाटलं नाही.

त्या राज्याच्या नर्सिंग परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र कॉलेजमार्फत हातात आलं. त्यावर फोटोची रिकामी चौकट छापलेली असायची. कॉलेजवाल्यांनी तीत माझा फोटो चिकटवून शिक्का मारून दिला. ते घेऊन मी परत आले आणि हिंगोलीतल्या एका खाजगी प्रसूतिगृहात कामाला लागले.

तिथल्या इनचार्ज सिस्टर पन्नाशीच्या. त्यांनी माझा कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

"हा नंबर तिकडचा हाय. इकडं चालत न्हाई."

"पण सिस्टर, मी तर रजिस्टर्ड हाय."

"तिथं हायेस. इथं न्हाईस."

तोवर मला वाटत होतं, नर्स म्हणजे सगळीकडे नर्स. तसं नसतं. प्रत्येक राज्याची परिषद वेगळी, तिचं रजिस्टर वेगळं. आपल्या राज्यात काम करायचं तर इथल्या रजिस्टरात नाव यावं लागतं. त्यासाठी तिकडच्या परिषदेने ना हरकत प्रमाणपत्र द्यायचं आणि ही बाई आमच्याकडे खरोखर नोंदलेली आहे असं इकडच्या परिषदेला परस्पर कळवायचं. आपल्या हाताने नेलेला कागद ते धरत नाहीत. फीचे पैसे साठवायला दोन वर्षं गेली, मग मी अर्ज केला आणि वाट पाहू लागले.

तोपर्यंत मी कागदोपत्री मदतनीस. मी बीपी घ्यायचे, पण केसपेपरवर सही सिस्टर करायच्या. सुई लावताना त्या मागे उभ्या राहायच्या. बाहेरच्या राज्यातून कागद आणलेल्या दोन पोरी त्यांनी आधी पाहिल्या होत्या. एकीला शीर सापडत नव्हती आणि दुसरीला थर्मामीटर वाचता येत नव्हता, असं त्या सांगत. त्यामुळे चालता चालता मला प्रश्न टाकायच्या.

"पाचशेची बाटली आठ तासांत द्यायची. थेंब किती?"

"मिलीला पंधरा थेंबांचा सेट असला तर मिनिटाला सोळा."

"अन् विसाचा असला तर?"

"एकवीस."

त्या मान हलवायच्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी विचारायच्याच. मला राग यायचा. मग त्या खोडलेल्या ओळीची आठवण व्हायची आणि राग कुठे ठेवावा ते कळायचं नाही.

बऱ्याच महिन्यांनी मेल आला. मी तो तहसीलजवळच्या ऑनलाइन सेंटरात उघडला. माझं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, नोंदणी क्रमांक बरोबर. पण तिकडच्या रेकॉर्डवरचा फोटो अर्जातल्या फोटोशी जुळत नाही, खुलासा करावा, असं लिहिलं होतं. सोबत तिकडच्या रेकॉर्डची प्रत होती. सेंटरवाल्याने ती छापून दिली. माझ्या नावाखाली, माझ्या नंबराशेजारी त्या सेनगावच्या पोरीचा चेहरा होता. केस घट्ट बांधलेले.

कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि गावाकडच्या बसमध्ये बसले. सिस्टरांना काही सांगितलं नाही. त्यांना जे वाटत होतं तेच खरं ठरलं असतं.

आईने कागद पाहिला, फोटो पाहिला, आणि जे माझ्या मनात आलं नव्हतं ते बोलली.

"ही तुझ्या नावावर कुठं सुया टोचून राहिली असंल तर? तिच्या हातून एखादं माणूस गेलं तर पोलीस कुणाच्या दारात येतील?"

त्यानंतर मला झोप लागेना. अनोळखी नंबरावरून फोन आला की उचलायची भीती. मला आठवेल तेवढं मी आठवू लागले. परीक्षेला ती माझ्या मागच्या बाकावर बसायची. उत्तरपत्रिका गोळा करायला कॉलेजचाच माणूस यायचा. माझे मार्क माझेच होते ना? का तिचे मला आणि माझे तिला? नोंदणीच्या फॉर्मवर सही करताना फॉर्म कोरा होता. कारकून म्हणाला होता, खाली फक्त सही कर, बाकी आम्ही भरतो. आणि मी केली होती.

कॉलेजला फोन लावला तर लागत नव्हता. बाळापूरच्या माणसाने ओळखच दाखवली नाही. होस्टेलमधल्या एका मैत्रिणीकडून तेवढं कळलं की त्या पोरीचं लग्न सेनगावजवळच्या एका गावात झालंय.

"आधी फोन करायचा न्हाई," आई म्हणाली. "फोन केला का ती माहेरी जाईन."

आईने आशाची साडी नेसली, गळ्यात ओळखपत्र अडकवलं. सेनगावपर्यंत एसटी, पुढे जीप. अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं होतं आणि सासू त्यात पाय फिरवत होती. आईने नमस्कार केला आणि लहान लेकराच्या डोसाचं विचारलं. साडी पाहून सासूने लगेच आत हाक मारली. ती, फोटोतली पोर, लेकराला कडेवर घेऊन दारात आली. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला वाटलंच होतं तू येशील म्हणून," ती म्हणाली.

सासूसमोर तिने आम्हाला कॉलेजातली मैत्रीण आणि मावशी म्हणून आत नेलं. मी पर्समधून कागद काढून तिच्यापुढे धरला. तिने तो नीट पाहिलाही नाही. उठून लोखंडी पेटी उघडली, साड्यांच्या तळातून एक घडी काढली आणि माझ्या हातात दिली. तसाच मेल. तिचं नाव, तिचा नंबर, आणि फोटो माझा.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "म्या बी अर्ज केल्ता. हे आलं. मला वाटलं तूच केलंस. तू हुशार होतीस, पुढं बसायचीस. तुझी तिथं वळख असंल असं वाटलं."

"माझी वळख? तूच तर गाडीतून यायचीस!"

"गाडी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "अगं, ती गाडी मला परत कामाला न्यायची."

मग तिने सांगितलं. कॉलेजच्या मालकाच्या नात्यातल्या एकाचं त्याच शहरात नर्सिंग होम होतं. पहिल्याच महिन्यात तिची मूळ कागदपत्रं कॉलेजने ठेवून घेतली आणि तिला तिथे पाठवलं. प्रॅक्टिकल म्हणून. तिची राहायची खोलीही तिथेच, जिन्याखाली. तीन वर्षं ती रोज वॉर्डात होती. आमच्या दवाखान्यात रोगी नव्हते, तिच्याकडे रोगीच रोगी होते. आम्ही पुतळ्यावर नळी घालायला शिकत होतो तेव्हा ती खऱ्या माणसांना घालत होती. तक्रार केली तर दहावी-बारावीचे कागद परत मिळणार नाहीत असं तिला सांगितलेलं. परीक्षेच्या दिवशी गाडी आणायची आणि न्यायची, म्हणजे ती कुणाशी बोलू नये.

"एक विषय राहिला माझा," ती म्हणाली. "तुमी पास होऊन गेल्या, म्या तिथंच. सहा महिन्यांनी सुटला. मंग कागद देले."

आईने विचारलं, "त्या सहा महिन्यांत तिथं कुनी तपासनीला आलं होतं का?"

"आले होते दोनदा. काउंटरमागं भिंतीवर एक फ्रेम लावली होती. माझा फोटो होता तिच्यात. डॉक्टर म्हनले, हे तुझं सर्टिफिकेट, कुनी विचारलं तर तिकडं बोट दाखव."

मी आईकडे पाहिलं. तेव्हा तिची नोंदणी झालेलीच नव्हती; फ्रेममध्ये माझ्या नावाचं सर्टिफिकेट होतं, फोटो तेवढा तिचा.

तिकडच्या परिषदेत स्वतः जाऊन फोटो दुरुस्त करून आणायचे असं ठरलं, पण तिच्या नवऱ्याला पटवणं सोपं गेलं नाही. तो शेतातून आला, दाराशीच उभा राहिला आणि एकेका कागदाकडे बोट दाखवून विचारत राहिला.

"इतक्या दिवस मला काहून सांगितलं न्हाई? अन् आता दोघी मिळून परमुलखात जाता?"

"म्या हाव की संगं," आई म्हणाली. "माझ्या पोरीचं जे होईल तेच तुमच्या बायकोचं."

त्याने होकार दिला नाही, पण निघायच्या दिवशी स्वतः मोटरसायकलवर तिला हिंगोली स्टेशनवर आणून सोडलं. त्याआधी आम्ही कोर्टाजवळ नोटरीसमोर शपथपत्रं केली होती. फोटो, अंगठा, सही. मी माझी कागदपत्रं तिच्या पिशवीत ठेवू दिली नाहीत. तिनेही तिची माझ्याकडे दिली नाहीत. गाडीत आई आमच्या मधोमध बसली.

परिषदेच्या कचेरीत आम्हाला तीन ठिकाणी फिरवून शेवटी एका वयस्क कारकुनाकडे पाठवलं. हिंदी बोलणारा, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्याने आधी आईला बाकावर बसवलं, "बैठो अम्मा." मग आम्हा दोघींना एकेक करून आत बोलावलं. मला तिच्या बापाचं नाव विचारलं, तिला माझ्या बापाचं. माझ्या मागे कोण बसायचं, वर्गशिक्षक कोण. कोऱ्या कागदावर तीन तीन सह्या घेतल्या. आम्ही आधी ठरवून, पढून आलोय का हे तो बघत होता. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मग त्याने आमच्या कॉलेजचा गठ्ठा काढून आणला. माझा फॉर्म सापडला. खाली सही माझीच, कोऱ्या फॉर्मवर केलेली. वर फोटो तिचा. त्याने चष्मा खाली घेतला, फॉर्म तिरका धरला आणि नख फोटोच्या कडेवरून हळूच फिरवलं. फोटोखाली दुसऱ्या फोटोचा फाटलेला कोपरा होता. निळ्या पार्श्वभूमीचा. माझा फोटो निळ्यावर होता.

तिचा फॉर्म नंतरच्या गठ्ठ्यात होता. त्यावर माझा फोटो नीट चिकटवलेला, शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर. तपासणीत माझा नंबर पाहिला तर तिचा चेहरा निघावा, आणि पुढे एकच चेहरा दोन नंबरांवर दिसू नये म्हणून तसं केलं असावं, असं मला वाटतं.

थोड्या वेळाने कारकुनाने आईला आत बोलावलं.

"ये गलती नहीं है, अम्मा," तो हळू आवाजात म्हणाला. "मैं लिख दूँगा कि किसी ने किया है, तो जाँच बैठेगी. जब तक जाँच, दोनों के नंबर बंद. साल लगे, दो साल लगे, मालूम नहीं. ये दोनों लिख के दें कि कॉलेज से फोटो चिपकाने में गलती हुई, तो आज ही सुधर जाएगा."

आम्हाला त्याने अर्धा तास दिला. कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो. मला वाटत होतं, खरं तेच लिहावं. त्या नर्सिंग होमच्या भिंतीवर आणखी किती पोरींचे नंबर टांगले असतील कुणास ठाऊक.

"म्या दोन वर्षं घरात बसले," ती म्हणाली. "अजून दोन न्हाई बसू शकत. तुला काय करायचं ते कर."

मी आईकडे पाहिलं. जिने माहितीपत्रक उघडलं नव्हतं ती काहीतरी ठाम सांगेल असं वाटलं. ती एवढंच म्हणाली, "सही तुझी हाय, पोरी. तूच ठरव."

मी 'गलती' लिहून सही केली. तिनेही केली. संध्याकाळपर्यंत दोन्ही फॉर्म दुरुस्त झाले, वर साहेबांचा शिक्का पडला, आणि ना हरकत प्रमाणपत्र परस्पर पाठवू असं लेखी मिळालं. काम झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी दिवसभर दाबून ठेवलेला प्रश्न परतीच्या गाडीत तिला विचारला.

"त्या फ्रेमवरचं नाव तू कधी वाचलं न्हाईस?"

ती खिडकीतून बाहेर पाहत होती. गाडीने एक स्टेशन मागे टाकलं.

"उंचावर होती," ती म्हणाली.

आईने माझ्या हातावर हात ठेवला.

आपल्या राज्याच्या रजिस्टरात माझं नाव त्यानंतर काही आठवड्यांनी आलं. इनचार्ज सिस्टरांना मी प्रमाणपत्र दाखवलं तर त्यांनी ते बाजूला ठेवलं, मोबाइलवर परिषदेची साइट उघडली, स्वतः नंबर टाकला आणि समोर आलेला फोटो माझ्या तोंडाशेजारी धरून पाहिला. मग सगळी हकीकत मी त्यांना सांगितली. फॉर्मवरच्या फोटोखालच्या त्या निळ्या कोपऱ्याचीसुद्धा. आमच्या दवाखान्यात ते ऐकणाऱ्या त्या एकट्याच.

"मला वाटलं होतं तुझ्यात काहीतरी खोटं हाय," त्या म्हणाल्या. "आता वाटून राहिलं, तुला आधीच इचारायला पाह्यजे होतं."

त्यांनी केसपेपर माझ्यापुढे सरकवला. "कर सही. अन् आता चूक झाली तर ती तुझी."

माझी सही त्या दिवशी वाकडी आली. प्रसूतीची बाई होती, बीपी एकशे चाळीस-नव्वद. मी ते डॉक्टरांना दोनदा फोन करून सांगितलं, एकदा पुरलं असतं तरी.

तिचं नावही लागलं. ती आता वाशीमच्या एका दवाखान्यात आहे. सेनगावच्या बायका आमच्याकडे बाळंतपणाला येतात त्यांच्याकडून कळतं की तिचा हात फार हलका आहे, लेकरांची शीर पहिल्या फटक्यात सापडते. मला ते खरं वाटतं. तीन वर्षं रोज केलेलं काम ते. सणावाराला आमचा फोन होतो. तिचं लेकरू, माझी ड्यूटी, आईचे गुडघे असं बोलतो.

मागच्या वर्षी तिने फोनवर विचारलं, "नूतनीकरणाचा अर्ज भरायचा हाय. तुझ्या सर्टिफिकेटचा एक फोटो पाठव न, कसं भरलंस ते पाहते."

मी म्हणाले, "थांब, तुला सांगते सगळं." आणि कुठल्या रकान्यात काय लिहायचं, प्रशिक्षणाचे तास कुठे दाखवायचे, फोटो किती आकाराचा, हे एकेक करून पंधरा-वीस मिनिटं सांगितलं. ती लिहून घेत होती. पेनाचा आवाज येत होता. सर्टिफिकेटचा फोटो मी पाठवणार नव्हते, आणि तिला ते कळलं होतं.

"बराबर हाय," ती म्हणाली, आणि लेकरू रडतंय म्हणून फोन ठेवला.